लाकडाची करवत, ॲल्युमिनियमची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. हातानं ओढायची लांब करवत नव्हे, मशीनला बसवतात ती गोल, ताटाएवढी, कडेनं दात असलेली. दुकानात आणि कारखान्यात मला ब्लेड म्हणतात. तुम्हीही म्हणा, माझी काही हरकत नाही. फक्त माझ्या दातांकडे असं टक लावून बघू नका. त्यातले काही पडलेत, काहींवर चिकट पुटं चढलीत, आणि असलं तोंड घेऊन चारचौघांत बोलायची मला लाज वाटते. तरी बोलते, कारण माझ्यापायी एका भल्या माणसाची मान खाली गेली होती आणि ते सगळं मी अगदी जवळून पाहिलंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्यातून मला गोल कापलं, मधे भोक पाडलं, कडेला खाचा केल्या आणि प्रत्येक खाचेत कडक धातूचा एकेक तुकडा पक्का बसवला. ते माझे दात, चाळीस. सगळे पुढं झुकलेले, एकाचा उतार डावीकडे तर पुढच्याचा उजवीकडे. असले दात भुकेले असतात. त्यांना मोठा घास लागतो. लाकूड समोर आलं की ते कचाकच चावतात आणि भुसा लांबवर उडवतात. मी लाकडासाठीच जन्मले होते, आणि त्याचा मला फार तोरा होता. आता कसला तोरा!

विरुपाक्षअप्पांनी मला विकत घेतलं ते दसऱ्याच्या तोंडावर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत ना, त्यांच्या मागच्या गल्लीत अप्पांचं पत्र्याचं दुकान. शेजारी दिवसभर मागांची खडखड आणि त्यात आमची किरकिर. अप्पा दारं करायचे, चौकटी करायचे, देव्हारे करायचे. माणूस कमी बोलणारा, पण त्यांनी चौकटीचा कोपरा जुळवला की मधून केस जायचा नाही. गल्लीत कुणाचं दार अडकलं, कपाट वाकडं झालं की लोक म्हणायचे, अप्पांना बोलवा, त्यांच्या हाताला यश हाय.

खंडेनवमीला अप्पांच्या बायकोनं, चंद्रव्वानं, मला मशीनवरच स्वच्छ पुसलं. विभूती लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. अप्पांच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीला जे हत्यार पूजलं, ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत बदलायचं नाही. धार लावायची, साफ करायचं, पण उतरवून त्या जागी दुसरं चढवायचं नाही. उतरवलं तर हाताचं यश जातं, असं त्यांचे वडील सांगायचे. मला ही रीत जाम आवडली. वर्षभर हक्काची जागा, ती कुणाला नको असते?

मग माझी चांगली वर्षं गेली. सागवान, कडुनिंब, बाभूळ, जे येईल ते मी खाल्लं. धार गेली की अप्पा स्वतः मला बाजारात नेऊन धार लावून आणायचे आणि दुकानदाराला बजावायचे, जपून रे, हिचे दात लई चांगले हायत. दर खंडेनवमीला कुंकू लागायचं. मी लाडावले होते हे कबूल करते.

पण लाकडाचं काम हळूहळू आटलं. कुणाच्या चौकटीला वाळवी लागली, कुणाची खिडकी पावसात फुगली, आणि लोक ॲल्युमिनियमच्या मागं लागले. अप्पांनी बरेच दिवस कळ काढली. गेल्या दसऱ्यानंतर मात्र दुकानात येणारं काम जवळजवळ थांबलं. तेव्हा शेजारच्या माग-कारखान्याचा मालक गुरप्पा आला. जिभेला हाड नसलेला, पण मनानं चांगला माणूस. म्हणाला, "अप्पा, माझ्या हापिसाला खिडक्या करून द्या. लाकूड नको बरं का, ॲल्युमिनियम. चौकट ती चौकटच की."

अप्पांनाही तसंच वाटलं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या लांब नळ्या आणल्या आणि त्याच मशीनवर, माझ्याच पुढ्यात ठेवल्या. जी सागवान कापते ती या पोकळ नळीला काय भिणार, असा त्यांचा हिशोब. शिवाय मी पूजलेली. मला उतरवायचा प्रश्नच नव्हता.

मित्रांनो, पहिल्याच घासाला माझा जीव गोळा झाला. तुम्हाला वाटत असेल, ॲल्युमिनियम फार कडक असतं. तसं नाही. ते मऊ असतं आणि चिकट असतं. माझे भुकेले दात त्यात आवेशानं घुसले आणि अडकले. नळीला हिसका बसला. मी तापले, तापल्यावर ॲल्युमिनियम माझ्या दातांना चिकटलं, आणि चिकटलेल्या दातांनी मी पुढचं कापायला गेले. काय कापणार, कपाळ? फाडलं नुसतं. कडेला काटे आले, काप तिरका गेला. चौकट जोडली तेव्हा कोपऱ्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

अप्पांनी कानस घेऊन काटे घासले. फटीत पांढरं सिलिकॉन भरलं. उरलेल्या नळ्या जास्त जोर लावून कापल्या, आणि जोर लावला की मी आणखी वाईट कापायचे. एवढं करून खिडक्या बसवल्या. गुरप्पा बघायला आला, कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि चहा पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाला, "अप्पा, हात थरथरायला लागला वाटतं तुमचा. वय झालं की आता. आराम करा जरा."

त्यानं प्रेमानं म्हटलं होतं, पण ते जास्तच लागलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर पैसे परत मागितले असते, भांडला असता. गुरप्पानं मात्र कीव केली. अप्पा दुकानात आले आणि स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत बसले. त्यांच्या वडिलांचा हात शेवटी शेवटी थरथरायचा, पटाशी धरवायची नाही. ते अप्पांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे गुरप्पाचं बोलणं त्यांना लगेच पटलं. आपली पाळी आली, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं.

त्या दिवसापासून अप्पांनी लोकांसमोर बशीतून चहा पिणं सोडलं. कुणी चहा पुढं केला की म्हणायचे, आत्ताच झाला. हात सदऱ्याच्या खिशात घालून उभे राहायचे. रस्त्यात कुणी भेटलं तर नमस्कारसुद्धा नुसत्या मानेनं. वाईट काम मी करत होते आणि तोंड ते लपवत होते. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अप्पा, हात नव्हे, मी, मी चुकीची आहे. पण करवतीला आवाज असतो तो फक्त कापतानाचा, आणि माझा तो आवाज ऐकूनही अप्पांना काही कळेना.

अशात कीर्ती आली. गल्लीच्या टोकाला तिचं दुकानांच्या पाट्या बनवायचं वर्कशॉप आहे. प्लॅस्टिकच्या शीटमधून अक्षरं कापते, आत दिवे बसवते. तिच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका करायची ठरली होती. टेबलांच्या मधे ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि त्यांत पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीट, म्हणजे प्रत्येकाला आपापलं शांत बसता येईल. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी काम व्हायला हवं होतं. कीर्ती म्हणाली, "अप्पा, विहाराचं दार तुमीच केलंय. हे पण तुमच्याच हातचं पाहिजे. वस्तीतल्या सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलंय."

अप्पांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायची लाज. त्यांनी मान डोलावली. कीर्ती खुशीत सामान ठेवून गेली. काचेसारख्या स्वच्छ शीट होत्या त्या. त्यांच्याकडे बघूनच माझ्या दातांत कळ आली.

प्लॅस्टिकची तऱ्हा आणखी वेगळी. ते तापलं की वितळतं आणि गार झालं की पुन्हा चिकटतं. मी कापत पुढं गेले की मागं काप मिटत यायचा. वितळलेला गोळा माझ्या दातांवर बसायचा. आणि कडेला तर मोठ्या घासाचा दणका बसून कपचेच उडायचे, शीटला आत आतपर्यंत तडे जायचे. अप्पांनी एक शीट खराब केली, दुसरी केली. खराब झालेल्या त्यांनी कोपऱ्यात उभ्या करून वर पोतं टाकलं, कुणाला दिसू नयेत म्हणून. मग ॲल्युमिनियमची नळी घेतली. चंद्रव्वानं पलीकडचं टोक धरलं होतं. मी नळीत अडकले, हिसका बसला आणि माझा एक दात तुटून टणकन पत्र्यावर आदळला. चंद्रव्वाच्या कानाजवळून गेला तो.

अप्पांनी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसले. म्हणाले, "आता बास. तुला लागलं असतं आज. मशीन देऊन टाकू कुणाला तरी. अन् कीर्तीला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं."

"का म्हणून?" चंद्रव्वानं विचारलं.

"हात गेला माझा."

बायकोसमोर बोलतानासुद्धा त्यांनी मान खाली घातली होती. चंद्रव्वानं त्यांच्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "सकाळी कपाळाला विभूती कुणी लावली तुमच्या?"

"मीच. रोज कोण लावतं?"

"आरशात बघून?"

"आरसा कशाला लागतो त्याला?"

"मग तीन पट्टे असे सरळ कसे आले? मी लग्न होऊन आल्यापासून बघतीय, एक पट्टा कधी वाकडा न्हाय. आज पण न्हाय. हात गेलेल्या माणसाचं हे काम न्हाय. दुसरं काय तरी बिघडलंय."

"दुसरं काय बिघडणार? तेच मशीन, तेच ब्लेड. पूजलेलं."

पूजलेलं म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. मित्रांनो, त्या क्षणी जमीन फाटली असती तर मी खुशाल आत गेले असते. माझ्यावर दसऱ्याच्या कुंकवाचा डाग अजून होता.

चंद्रव्वा कीर्तीकडे गेली खरी, पण दुसरा माणूस बघ असा निरोप काही तिनं दिला नाही. ती कीर्तीलाच दुकानात घेऊन आली. कीर्तीनं कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं, तसे अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिनं खराब शीटच्या कडेवर बोट फिरवलं, वितळलेला भाग नखानं खरवडला. मग मशीनजवळ येऊन वाकली आणि थेट माझ्या तोंडात बघितलं.

"अप्पा," ती म्हणाली, "हे तर लाकडाचं ब्लेड हाय की."

"ठाऊक हाय मला. लाकडाचंच हाय. मग?"

"मग यानं ॲल्युमिनियम कसं कापंल? माझी पण पहिल्यांदा हीच गत झाली व्हती. पाटीचं अक्षर कापायला गेले अन् निम्मी शीट फुटली." ती तशीच आपल्या वर्कशॉपला गेली आणि तिचं ब्लेड घेऊन आली. तिनं ते माझ्या शेजारी धरलं.

बाई बाई, काय तो थाट! शंभर दात, बारीक, एकासारखा एक. आणि माझे चाळीस, त्यातले काही नाहीतच. तिचे दात माझ्यासारखे पुढं हावरेपणानं झुकलेले नव्हते, जरा मागंच कललेले होते. म्हणजे ते ओढून घेत नाहीत, हळू खरवडतात. एका दाताचे दोन्ही खांदे छाटलेले, पुढच्याचा माथा सपाट. पहिला मधे अरुंद वाट पाडतो, मागून येणारा सपाट दात त्या वाटेच्या कडा साफ करतो. घास इतका लहान की धातू अडकत नाही आणि प्लॅस्टिकचे कपचे उडत नाहीत. कीर्ती हे सगळं अप्पांना बोटानं दाखवत होती. "ॲल्युमिनियम असलं तर दाताला जरासं मेण चोळायचं. प्लॅस्टिकला मेण नको. अन् प्लॅस्टिक कापताना मधे थांबायचं न्हाय, थांबलं की वितळतं. दुकानात ब्लेड घेताना काय कापायचं ते आधी सांगायचं, एवढंच."

मला वाटलं, आता अप्पांचा चेहरा खुलेल. हात धडधाकट निघाला, आणखी काय पाहिजे? पण त्यांचा चेहरा आणखीच पडला. त्याचं कारण मला नंतर उमगलं. हात म्हातारा झाला तर लोक हळहळतात. पण सारी उमर करवतीसोबत घालवलेल्या माणसाला कुठल्या कामाला कुठलं ब्लेड ते कळलं नाही, यावर गल्ली हसणार. कीव त्यांनी कशीबशी सोसली होती. हसू त्यांना सोसवणार नव्हतं. ते कीर्तीला म्हणाले, "पोरी, हे कुणाला सांगू नको. हात गेला असंच म्हणू दे त्यांना. मी काम बंद करतो. अन् पूजलेलं ब्लेड तसंबी मी दसऱ्याआधी उतरवणार न्हाय."

"ब्याड, ब्याड," चंद्रव्वा म्हणाली. रागावली की ती कानडीत शिरते. ब्याड म्हणजे नको. "असलं मला सांगू नका. पूजा करताना काय म्हणतो आपण? वर्षभर सांभाळीन म्हणतो की न्हाय? मग हे सांभाळलं व्हय तुमी? दात पाडले तिचे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला नीट पाहिलं. पडलेल्या दाताची रिकामी जागा अंगठ्यानं चाचपली. मग पाना घेतला, नट सैल केला आणि मला उतरवून स्टुलावर ठेवलं. कीर्तीचं ब्लेड चढवलं, दातांना मेण चोळलं, नळी शिकंज्यात घट्ट आवळली आणि हँडल सावकाश खाली आणलं.

हिसका बसला नाही. किंचाळी नाही. एकसारखा बारीक आवाज आला आणि नळी कापली गेली. अप्पांनी दोन तुकडे कोपऱ्यात जुळवून उजेडासमोर धरले. उजेड आला नाही. ते तुकडे त्यांनी किती तरी वेळ खालीच ठेवले नाहीत. चंद्रव्वा पदरानं डोळे पुसत होती आणि मी स्टुलावर पडून होते. मला त्यांच्यासाठी आनंद झाला, खरंच झाला. पण दुसरीनं माझ्या जागेवर बसून माझ्या धन्याचं नाव राखलं, हे बघताना शरम वाटल्याशिवाय राहिली नाही.

अभ्यासिकेचं काम जयंतीच्या आधी झालं. चौकटी दुकानात रचून ठेवल्या होत्या तेव्हा गुरप्पा चहा घेऊन आला. कोपऱ्यावरून बोट फिरवलं, दुसऱ्या कोपऱ्यावरून फिरवलं, आणि म्हणाला, "अप्पा, हात बरा झाला की. कुणाचं औषध घेतलं?"

कीर्ती तिथंच होती. कुणाला सांगू नको असं अप्पांनी तिला बजावलं होतं, ती खाली बघत राहिली. अप्पा नुसतं एवढं म्हणू शकले असते, की घेतलं एक औषध. विषय तिथंच मिटला असता आणि अब्रूही राहिली असती. त्यांनी चहा बशीत ओतला. प्याले. बशी खाली ठेवली.

"हाताला काय झालंच नव्हतं गुरप्पा," ते म्हणाले. "लाकडाचं ब्लेड लावून ॲल्युमिनियम कापत बसलो व्हतो मी. अक्कल गेली व्हती. तुझ्या खिडक्या काढून आण, नव्यानं करून देतो."

गुरप्पा हसला. पोट धरून हसला. माणूस चांगला असला तरी हसायचं ते हसलाच. मग गल्लीभर झालं. मागावरचे कामगार सायकलवरून जाता जाता विचारायचे, अप्पा, आज कुठलं ब्लेड? अप्पांचे कान लाल व्हायचे. तरी ते दुकान उघडून बसायचे आणि कुणी विचारलं की सरळ उत्तर द्यायचे.

एके दिवशी त्यांनी दारातल्या खांबाला खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगलं. पडक्या दातांची, पुटं चढलेली, रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अगदी तोंडासमोर. मी मनात म्हटलं, घ्या, एवढंच राहिलं होतं. इतकी वर्षं राबले आणि शेवटी माझी धिंड काढली या माणसानं.

मग पहिलं गिऱ्हाईक आलं, बार्शीचं, खिडक्या विचारायला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय टांगलंय? अप्पा उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "ही लाकडाची करवत. लई गुणाची. हिला मी ॲल्युमिनियम अन् प्लॅस्टिक कापायला लावलं. चूक माझी, दात हिचे गेले."

मित्रांनो, धिंड माझी नव्हती. अप्पांनी स्वतःची काढली होती, आणि रोज काढतात. जो विचारेल त्याला सांगतात, न लाजता नाही, लाजत लाजतच सांगतात.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली हत्यारं येतील, माणसंही येतील. ब्लेड घ्यायला गेलात तर आधी सांगा काय कापायचंय, मग दात किती आहेत बघा, कुठं झुकलेत बघा. एवढं बघायला फार वेळ लागत नाही. आणि कुणाचं काम बिघडत असेल तर त्याला म्हातारा किंवा नालायक ठरवायच्या आधी त्याच्या हाती काय दिलंय ते बघा. तरी चूक होईलच, अप्पांसारख्याकडून झाली. तेव्हा ती पोत्याखाली झाकू नका.

माझं काय विचारता? लाज अजून वाटते, खोटं कशाला बोलू. कुणी दारात थांबून माझ्या दातांकडे बघितलं की आजही तोंड फिरवावंसं वाटतं. पण तेवढ्यात आतून अप्पा येतात, माझ्या शेजारी उभे राहतात आणि म्हणतात, चूक माझी. मग ती लाज मला एकटीला वाहावी लागत नाही.